प्रकल्प नोंदी: गेस्टचं घड्याळ न बिघडवता लाइव्ह मायग्रेशन

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

जुन्या रॅकवरची सगळी व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे गेस्ट, गणपतीच्या आधी नव्या रॅकवर न्यायची ठरली आहेत, शक्यतो चालू असतानाच, म्हणजे लाइव्ह मायग्रेशनने. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला येते. त्यानंतर ग्राहक बदलाला परवानगी देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जुन्या होस्टमध्ये, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरमध्ये, झिऑन ई५-२६९० व्ही४ आणि ई५-२६८० व्ही४ आहेत, दोन्ही ब्रॉडवेल पिढीचे. लेबलवर पहिल्याचा वेग २.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.४. नव्या होस्टमध्ये झिऑन गोल्ड ६३३८, आइस लेक पिढीचा, २.० गिगाहर्ट्झ. मेमरी, स्टोरेज, नेटवर्क आणि सीपीयू मॉडेलची तपासणी बाकीचे सहकारी बघत आहेत. गेस्टला ब्रॉडवेलचंच मॉडेल दाखवायचं हे आधीच ठरलेलं आहे. माझ्याकडे घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर, टीएससी.

हे काम मी मागून घेतलं. मायग्रेशनमध्ये मेमरी नीट गेली नाही तर मशीन पडतं आणि लगेच कळतं. टीएससीचा वेग बदलला तर मशीन चालूच राहतं, मॉनिटरिंगवर सगळं हिरवं दिसतं, आणि लॉगमधल्या वेळा हळूहळू सरकत जातात. ते कळेपर्यंत चुकीच्या वेळेच्या नोंदी डेटाबेसमध्ये जाऊन बसलेल्या असतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे डेटा सेंटरवाल्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवून ठेवायची आहेत, आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. सरकलेल्या वेळेचे लॉग १८० दिवस जपून कोणाला काय मिळणार?

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज फक्त मोजमाप. प्रत्येक होस्टवर लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशिन्स सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कॅपॅबिलिटीजमधली टीएससीची ओळ काढली. तिथे दोन गोष्टी मिळतात: वारंवारता हर्ट्झमध्ये, आणि स्केलिंग, म्हणजे गेस्टला टीएससी वेगळ्या वेगाचा करून दाखवायची सोय, आहे की नाही. शिवाय कर्नलच्या बूट लॉगमधली "रिफाइन्ड टीएससी कॅलिब्रेशन" ही ओळही उतरवून घेतली.

नवे होस्ट सरळ निघाले. सगळीकडे २०००.००० मेगाहर्ट्झ, स्केलिंग आहे. हे प्रोसेसर क्रिस्टलची (घड्याळाला ठेका देणाऱ्या स्फटिकाची) वारंवारता आणि टीएससीशी असलेलं गुणोत्तर सीपीयूआयडी या स्वतःची माहिती सांगायच्या आज्ञेतूनच सांगतात, म्हणून कर्नल वेगळं मोजत बसत नाही. ब्रॉडवेल ही माहिती देत नाही. तिथे कर्नल बूट होताना एचपीईटी किंवा एसीपीआयच्या टायमरशी ताडून टीएससीचा वेग स्वतः मोजतो. त्यामुळे आकडा होस्टागणिक थोडा बदलतो, आणि त्याच होस्टवर दर बूटलाही.

जुन्या रॅकचे मात्र दोन नाही, तीन गट पडले. २.४ वाले सगळे २३९९.९९ च्या आसपास. २.६ वाल्यांतले बहुतेक २५९९.९९२ च्या जवळपास. पण एका वेगळ्या कंपनीच्या मदरबोर्डवर बसलेले तेच ई५-२६९० व्ही४ दाखवतात २५९३.९९४. प्रोसेसर तोच, छापील वेग तोच, फरक जवळजवळ ६ मेगाहर्ट्झचा. २६ या प्रोसेसरच्या गुणकाने भागलं तर मूळ संदर्भ घड्याळ १०० मेगाहर्ट्झऐवजी ९९.७७ येतं, म्हणजे हा फरक बोर्डाकडून आलेला आहे. पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत, २३०७. टीएससीच्या हिशोबात हा प्रचंड आकडा आहे: एका गटावर बूट झालेला आणि थेट टीएससीवर चालणारा गेस्ट दुसऱ्या गटावर तसाच चालवला, तर दिवसाला जवळजवळ २०० सेकंद चुकतील.

आमच्या मालमत्ता यादीत हे सगळे होस्ट एकाच नावाखाली, एकाच पूलमध्ये आहेत. यादीत टीएससीच्या मोजलेल्या वारंवारतेचा रकाना नव्हता, तो आज टाकून घेतला.

बुधवार, ६ ऑगस्ट

टीममधल्या नव्या मुलांसाठी पाटीवर काढलं ते इथेही ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

टीएससी हा ६४ बिटांचा काउंटर, १९९३ च्या पेंटियमपासून आहे. जुन्या काळी प्रोसेसरचा वेग बदलला की तोही बदलायचा. आताच्या प्रोसेसरांत तो ठरावीक वेगाने चालतो, वीजबचतीच्या खोल झोपेतही थांबत नाही. गेस्टला ही हमी सीपीयूआयडीतल्या एका बिटातून मिळते. क्यूएमूमध्ये, म्हणजे गेस्टचं यंत्र उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्याचं नाव इनव्हटीएससी.

गेस्ट बूट होताना विचारतो, टीएससी सेकंदाला किती टिक मारतो? उत्तर मिळालं की तो ते बंद होईपर्यंत खरं धरून चालतो. इनव्हटीएससी दिसला की लिनक्स गेस्ट केव्हीएमक्लॉक या होस्टने दिलेल्या घड्याळाचं मानांकन मुद्दाम २९९ वर उतरवतो आणि टीएससीला, ज्याचं मानांकन ३००, आपला मुख्य वेळस्रोत करतो. तिथून पुढे गेस्ट हायपरव्हायजरला, म्हणजे होस्टवरच्या गेस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारायला परत येत नाही, स्वतः काउंटर वाचतो आणि भागाकार करतो.

केव्हीएमक्लॉकवर चालणाऱ्या गेस्टचं वेगळं आहे. त्याच्याशी होस्ट एक मेमरी पान वाटून घेतो आणि त्यात टीएससीचं नॅनोसेकंदात रूपांतर करायचा गुणक ठेवतो. होस्ट बदलला की गुणक बदलतो, घड्याळ शाबूत राहतं. पण फक्त कर्नलचं घड्याळ. ज्या प्रोग्रामने स्वतः सुरुवातीला टीएससीचा वेग मोजून ठेवला आहे, त्याला या पानाची खबर नसते. डीपीडीके ही नेटवर्कची पाकिटं वेगाने हाताळणारी लायब्ररी असं करते. अशा प्रोग्रामच्या हाती शिंप्याची अशी टेप उरते जिच्यातला इंच मध्येच आखूड झाला आहे.

म्हणून "आमचा गेस्ट केव्हीएमक्लॉकवर आहे, आम्हाला काळजी नाही" हे उत्तर मी या प्रकल्पात मान्य करणार नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

दिवसभर एकच प्रश्न: चुकीच्या वेगाच्या होस्टवर गेस्ट निघाला, तर त्याला अडवतं कोण?

उत्तर तीन थरांत आहे आणि तिन्हींचं वागणं वेगळं आहे. सर्वांत खाली केव्हीएम, लिनक्स कर्नलमधला हायपरव्हायजर. गेस्टला हवी ती वारंवारता त्याला किलोहर्ट्झमध्ये सांगायची. मागणी होस्टच्या वेगाच्या २५० पीपीएमच्या आत असेल तर तो काहीच करत नाही, गेस्टला होस्टचाच टीएससी मिळतो. बाहेर असेल आणि प्रोसेसरमध्ये स्केलिंग असेल, तर प्रत्येक वाचन गुणकाने गुणून दिलं जातं. इंटेलच्या गुणकात अपूर्णांकासाठी ४८ बिट आहेत, त्यामुळे गुणाकारातून येणारी चूक मोजण्याइतकीही नसते. ब्रॉडवेलमध्ये ही सोय नाही.

२५० पीपीएमची ही मर्यादा कुठून आली ते बघण्यासारखं आहे. एनटीपीच्या पद्धतीत कर्नल घड्याळाचा वेग ५०० पीपीएमपर्यंत दुरुस्त करतो. त्यातलं अर्धं मायग्रेशनला दिलं, अर्धं क्रिस्टलच्या स्वतःच्या चुकीसाठी राखलं. पण २५० पीपीएम म्हणजे दिवसाला २१.६ सेकंद. ज्या गेस्टमध्ये क्रोनी किंवा एनटीपी चालू नाही, त्याला ही सूट परवडणारी नाही. तपासणीच्या यादीत "गेस्टमध्ये वेळ जुळवणारी सेवा चालू आणि जुळलेली" ही अट याच कारणाने आली, आणि ती ऐच्छिक नाही.

मधला थर क्यूएमू. इथे सगळ्यांत सावध राहायला हवं. सीपीयूच्या सेटिंगमध्ये टीएससीची वारंवारता स्पष्ट लिहिलेली असेल आणि होस्ट ती देऊ शकत नसेल, तर लक्ष्य होस्टवर क्यूएमू सुरूच होत नाही. लिहिलेली नसेल, तर स्रोत होस्टचा वेग मायग्रेशनच्या डेटाबरोबर येतो, लक्ष्य होस्ट तो लावायचा प्रयत्न करतो, आणि जमलं नाही तर लॉगमध्ये एक इशारा लिहून पुढे जातो. मायग्रेशन यशस्वी! क्यूएमूच्या लेखकांनी हे जाणूनबुजून असं ठेवलं आहे: वापरणाऱ्याने काटेकोरपणा मागितला नसेल तर चालू मशीन पाडायचं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच तो काटेकोरपणा आपण मागितला पाहिजे.

इनव्हटीएससीचा नियम याहून कडक आहे. वारंवारता लिहिलेली नसेल तर असा गेस्ट हलवताच येत नाही. २०१७ मध्ये आलेल्या क्यूएमू २.९ पासून वारंवारता स्पष्ट दिली तर हलतो.

वरचा थर लिबव्हर्ट. गेस्टच्या एक्सएमएल कॉन्फिगरेशनमध्ये टीएससी टायमरची वारंवारता असेल तर तो सुरुवातीलाच होस्टशी ताडतो आणि २५० पीपीएमच्या बाहेर, स्केलिंगही नाही, असं असेल तर नकार देतो. नकारात मागितलेली वारंवारता, चालणारी कक्षा आणि होस्टची वारंवारता, तिन्ही आकडे असतात. इतका स्पष्ट एरर मेसेज क्वचित मिळतो.

म्हणजे सगळं एका ओळीवर टेकलं आहे. एक्सएमएलमध्ये वारंवारता लिहिलेली असेल तर तिन्ही थर राखण करतात, नसेल तर इनव्हटीएससीवाले गेस्ट सोडून बाकीच्यांना एकही नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

कॉन्फिगरेशनची छाननी. बहुतेक गेस्टच्या एक्सएमएलमध्ये टीएससीची वारंवारता नाहीच. काही इन-मेमरी डेटाबेसवाल्यांत इनव्हटीएससी आहे पण वारंवारता नाही, म्हणजे ते आज हलूच शकत नाहीत. एका ठिकाणी वारंवारता होती पण एककात गोंधळ: लिबव्हर्ट आणि क्यूएमू हर्ट्झ मागतात, केव्हीएम किलोहर्ट्झ. कोणीतरी केव्हीएमचा आकडा जसाच्या तसा उचलून ठेवला होता आणि ते मशीन त्यानंतर कधी बंदच झालं नव्हतं, म्हणून उघडकीला आलं नाही. तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये आता पहिलीच अट: आकडा १०० कोटींपेक्षा लहान असेल तर तिथेच थांबायचं.

आता खरा प्रश्न. कोणती वारंवारता लिहायची?

पहिला पर्याय, होस्टवर मोजलेली: २५९९९९२०००. याला माझा विरोध. हा आकडा त्या होस्टचा, त्या बूटचा आहे. उद्या होस्ट रीबूट झाला की चार-पाच किलोहर्ट्झ इकडे तिकडे होणार, म्हणजे दोनेक पीपीएम. सहन होण्याजोगा फरक, पण प्रत्येक गेस्टच्या एक्सएमएलमध्ये वेगळा आकडा बसला तर पुढे कोणालाच कळणार नाही की हे सगळे मुळात एकाच गटातले होते.

दुसरा पर्याय, गटाचा पूर्णांक: २६००००००००, २५९४०००००० आणि २४००००००००. मोजलेल्या २५९९.९९२ पासून २६०० फक्त ३ पीपीएम दूर आहे, दिवसाला पाव सेकंदाहून किंचित जास्त. क्रोनी ते सहज झेलतं. हाच मंजूर करून घेतला.

तिसरा पर्याय डेटाबेसच्या साहेबांनी मांडला आणि तो विचार करण्यासारखा होता. "वारंवारता बूट होतानाच ठरते, म्हणजे आमचे इनव्हटीएससीवाले गेस्ट तुम्ही एकदा बंद करणारच. मग नव्या होस्टवरच सुरू करा आणि तिथलीच २००० लिहा. जुन्या वेगाचं ओझं कशाला वाहायचं?" तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण २००० लिहिलेला गेस्ट जुन्या होस्टवर परत येऊ शकत नाही, कारण ब्रॉडवेलला स्वतःपेक्षा मंद घड्याळ दाखवता येत नाही. उत्सवाच्या दिवसांत नव्या रॅकवर काही बिघडलं तर परतीचा रस्ता बंद. २६०० लिहिलं तर नवा होस्ट १.३ ने गुणून देतो आणि जुन्या २.६ वर परतही जाता येतं. साहेबांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवला, पटला. जुनी रॅक कायमची बंद होईपर्यंत जुनेच आकडे. त्यानंतर ज्याची त्याची पुढची देखभालीची वेळ येईल तेव्हा बदलायचे.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नकाराच्या चाचण्या. योग्य जोडी चालते हे दाखवणं सोपं आहे. चुकीची जोडी खरंच अडते का, हे बघितल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही.

२६०० लिहिलेला गेस्ट २.४ च्या होस्टकडे पाठवला. लिबव्हर्टने लक्ष्यावरच नकार दिला, गेस्ट स्रोतावर न थांबता चालू राहिला. तोच गेस्ट २५९३.९९४ वाल्या बोर्डाकडे पाठवला, तिथेही नकार. २००० लिहिलेला नव्यावरून जुन्याकडे, नकार. इनव्हटीएससी आहे पण वारंवारता नाही, मायग्रेशन सुरूच झालं नाही.

मग मुद्दाम एक असा गेस्ट घेतला ज्यात वारंवारता नाही आणि इनव्हटीएससीही नाही. नव्या होस्टवर बूट केला, जुन्या २.६ कडे पाठवला. गेला. लिबव्हर्ट म्हणतो यशस्वी. क्यूएमूच्या लॉगमध्ये वेग जुळत नसल्याची आणि स्केलिंग नसल्याची एक ओळ. गेस्टमध्ये तारीख-वेळ बरोबर, कारण केव्हीएमक्लॉक. पण आत चालू ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामने, ज्याने सुरुवातीला टीएससीचा वेग मोजून ठेवला होता, एका सेकंदाला १.३ सेकंद मोजायला सुरुवात केली.

हा निकाल मी बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवला. त्यानंतर वारंवारता लिहिणं सक्तीचं का, हे कोणी विचारलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

होकाराच्या चाचण्या, आणि त्यासाठी मोजण्याची पद्धत.

गेस्टची तारीख-वेळ बघून काही कळत नाही, कारण क्रोनी ती सतत ढकलत असतं. म्हणून गेस्टमधलं "मोनोटॉनिक रॉ" घड्याळ घ्यायचं, ज्याला एनटीपी हात लावत नाही. दुसऱ्या बाजूला होस्टची वेळ हवी, आणि ती नेटवर्कवरून नको, नाहीतर नेटवर्कचा उशीर मोजमापात मिसळतो. पीटीपी-केव्हीएम हा ड्रायव्हर इथे कामी येतो: गेस्टमध्ये एक पीटीपी (अचूक वेळेचं) उपकरण दिसतं आणि ते थेट होस्टची वेळ देतं. दोन्ही वाचनं जोडीने घेत राहायची, फरकाचा उतार काढायचा. उतार म्हणजेच पीपीएम. मायग्रेशनच्या आधीचा उतार, नंतरचा उतार, आणि मधली उडी.

उतार आणि उडी वेगळ्या ठेवायच्या, हे मी स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहून ठेवलं आहे. शेवटच्या टप्प्यात गेस्ट थांबतो, तेवढ्याने त्याची वेळ मागे पडू शकते. ती एकदाची चूक, मायग्रेशनच्या थांब्याएवढी. तिच्यामुळे घाबरायचं कारण नाही, मात्र क्रोनीच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये थेट उडी मारायची मुभा फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांना असते. नंतर ते हळूहळूच भरून काढतं, त्यामुळे मायग्रेशननंतर थोडा वेळ फरक दिसत राहणार. उतार चुकला तर मात्र कितीही वेळ थांबून भरून निघत नाही.

अपेक्षित उतार शून्य नसतो, हेही महत्त्वाचं. जुन्या होस्टवर लिहिलेल्या २६०० आणि मोजलेल्या २५९९.९९२ मधला ३ पीपीएमचा फरक उतारात दिसलाच पाहिजे, कारण तो मर्यादेच्या आत असल्यामुळे केव्हीएम स्केलिंग लावत नाही. शिवाय होस्टच्या क्रिस्टलची स्वतःची चूक, जी होस्टवरचं क्रोनी आपल्या ट्रॅकिंगच्या अहवालात पीपीएममध्ये सांगतं. दोन्हींची बेरीज म्हणजे अपेक्षित उतार. मोजलेला त्याच्याशी १ पीपीएमच्या आत जुळला तर उत्तीर्ण.

गुरुवार, १४ ऑगस्ट

तिन्ही गटांतून नव्या होस्टवर चाचणी गेस्ट नेले. गुणक १.३, १.२९७ आणि १.२. तिन्हींचा उतार हिशोबाशी जुळला. गेस्टमध्ये वेळस्रोत टीएससीच राहिला, कर्नलच्या, वेळस्रोतावर नजर ठेवणाऱ्या, वॉचडॉगने त्याला अस्थिर ठरवलं नाही. २.६ वाला परत जुन्यावर आणला, तोही जुळला.

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी: नव्या होस्टवर गेल्यानंतर गेस्टमधल्या क्रोनीला नवा ड्रिफ्ट शिकायला वेळ लागतो, कारण आता खाली वेगळा क्रिस्टल आहे. लिहिलेली वारंवारता तीच असली तरी प्रत्यक्ष चूक काही पीपीएमने बदलतेच. वेळेची चोख गरज असलेल्या मशीनना हलवल्यावर काही काळ नजरेखाली ठेवायचं.

उद्या स्वातंत्र्यदिन, मग गोपाळकाला आणि रविवार. सोमवारी पुढे.

सोमवार, १८ ऑगस्ट

विंडोज गेस्ट. हे मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही पद्धतीचं संदर्भ टीएससी पान वापरतात, १०० नॅनोसेकंदांचं एकक, तेही गुणक आणि ऑफसेट घेऊन चालतं आणि केव्हीएम ते होस्टप्रमाणे अद्ययावत करतो. केव्हीएमक्लॉकसारखंच. तरी त्यांनाही वारंवारता लिहिली. चाचणी ठीक.

एका सहकाऱ्याने विचारलं, "लक्ष्य होस्ट आताच्या होस्टशी ताडून बघितला तर नाही का चालणार? एक्सएमएल बदलायला मशीन बंद करावं लागतं, तेवढं वाचेल." प्रश्न चांगला आहे आणि उत्तर नाही असं आहे. २५० पीपीएमची सूट पुढे पुढे साखळीने नेता येत नाही. अ पासून ब २०० पीपीएम दूर, ब पासून क २०० पीपीएम दूर, दोन्ही पावलं नियमात बसतात, पण अ वर बूट झालेला गेस्ट क वर पोचला की ४०० पीपीएमने चुकतो. एनटीपीच्या ५०० मधले ४०० गेले, क्रिस्टलच्या चुकीला फक्त १०० उरतात. ताडायचं ते नेहमी गेस्टच्या मनातल्या आकड्याशी, म्हणजे बूटच्या वेळी दिलेल्या लिखित वारंवारतेशी.

आणि केव्हीएमक्लॉकवाल्या, वारंवारता नसलेल्या चालू गेस्टचं काय? जुन्यावरून नव्याकडे त्यांना तसंच नेता येतं, कारण वेग डेटाबरोबर जातो आणि नवा होस्ट स्केल करतो. परतताना धोका आहे. त्यांच्यासाठी नियम: जाण्याची परवानगी, परत येण्याची फक्त ज्या गटातून निघाले त्याच गटात, आणि पुढच्या रीबूटच्या आधी एक्सएमएलमध्ये वारंवारता लिहिलेली हवी. शेवटची अट महत्त्वाची. ती नसेल तर असा गेस्ट नव्या होस्टवर कधीतरी बंद-चालू होईल, २००० उचलेल, आणि त्याच्या गटाची नोंद त्याच क्षणी खोटी ठरेल.

बुधवार, २० ऑगस्ट

प्रत्यक्ष काम सुरू. मायग्रेशनच्या आधी चालणारी तपासणी आता वेगळी स्क्रिप्ट राहिली नाही, मायग्रेशनच्या आज्ञेलाच बांधली आहे: गेस्टची लिखित वारंवारता, लक्ष्याची त्या क्षणी विचारलेली वारंवारता, पीपीएममधला फरक, स्केलिंग, गेस्टमधल्या क्रोनीची स्थिती. लक्ष्याची वारंवारता यादीतून घेत नाही, होस्टलाच विचारतो. यादीतला रकाना फक्त नियोजनासाठी.

आधी कमी जोखमीची वेब मशिन्स. सगळी गेली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

जुन्या २.६ गटातला एक होस्ट फर्मवेअरसाठी रीबूट करावा लागला. कॅलिब्रेशन २५९९.९९२ वरून २५९९.९८८ वर आलं, म्हणजे दीड पीपीएम. कोणता गेस्ट कोणत्या होस्टवर जाईल ते ठरवणाऱ्या शेड्यूलरच्या एका जुन्या नियमात होस्टची वारंवारता अक्षरशः जशीच्या तशी जुळली पाहिजे अशी अट होती. त्याने हा होस्ट परतीच्या यादीतून वगळला आणि त्याच्यावर परत येऊ शकणारे गेस्ट "जागा नाही" असं दाखवायला लागले. नियमात बरोबरीच्या जागी २५० पीपीएमची कक्षा टाकली. घड्याळाच्या बाबतीत नेमकी बरोबरी मागणं हा काटेकोरपणा नाही. मोजमापाला स्वतःची चूक असते, आणि ती न मानणारी तपासणी चांगल्या होस्टला नाकारते. मग वैतागून कोणीतरी ती तपासणीच काढून टाकतं.

इनव्हटीएससीवाले डेटाबेस आज रात्री. ग्राहकांनी रात्री ११ नंतरची वेळ दिली आहे: बंद, एक्सएमएलमध्ये वारंवारता, थेट नव्या होस्टवर सुरू.

शनिवार, २३ ऑगस्ट

झालं. सगळ्या डेटाबेस गेस्टमध्ये बूट लॉग २६००.००० किंवा २४००.००० दाखवतो, प्रत्येक ठिकाणी आपापल्या गटाप्रमाणे. वेळस्रोत टीएससी. पहाटे त्यातला एक जुन्या होस्टवर लाइव्ह नेऊन परत आणला, कारण परतीचा रस्ता उघडा आहे असं आपण ग्राहकाला सांगितलं आहे आणि ते करून बघितलेलं असलं पाहिजे. उतार दोन्ही बाजूंना हिशोबात.

सोमवार, २५ ऑगस्ट

२५९४ गटातली शेवटची मशिन्स आज हलली. या गटाला परतीसाठी त्याच बोर्डाचे होस्ट लागतात, म्हणून ते होस्ट उत्सव संपेपर्यंत चालू ठेवायला सांगितले आहेत. बाकीचे जुने होस्ट रिकामे आहेत पण पूलमध्ये राहतील.

पूल आता नावाने नाही, मोजलेल्या वारंवारतेने आणि स्केलिंगने वेगळे केले आहेत. नवा होस्ट आला की पूलमध्ये घेण्याआधी त्याची टीएससीची ओळ तपासली जाईल. नव्या गेस्टच्या टेम्प्लेटमध्ये वारंवारता सक्तीची, रकाना रिकामा असेल तर टेम्प्लेट स्वीकारलंच जात नाही. उरलेलं काम दोन ठिकाणी: वारंवारता न लिहिलेल्या केव्हीएमक्लॉकवाल्या गेस्टची यादी, जी त्यांच्या रीबूटच्या वेळापत्रकाला जोडली आहे, आणि क्यूएमूच्या लॉगमधल्या त्या एका इशाऱ्याच्या ओळीवर अलर्ट, जो उद्या मॉनिटरिंगवाल्या मॅडम लावून देणार आहेत.